छायाचित्रातील पार्श्वभूमी : पुसटपणाच्या इतिहासाचा मागोवा

छायाचित्रातील व्यक्ती स्पष्ट ठेवून तिच्यामागील सर्व भाग पुसट करण्याची सोय आज खिशातल्या मोबाइलमध्येही असते. व्यवहारात तिला 'बॅकग्राउंड ब्लर' म्हणतात, आणि संगणकास दिलेल्या थोड्याशा सूचनांच्या साहाय्याने ती क्रिया क्षणार्धात होते. ती इतकी सुलभ झाली आहे की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वस्तुतः हा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पुसट कसे करावयाचे, हा पहिला प्रश्न. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुसट काय करावयाचे, हा दुसरा, आणि प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्यावर आहे. चित्रातील कोणता भाग 'मागचा' मानावयाचा हा निर्णय आरंभी भिंगाने अंतरावरून केला, मग माणसाने कात्रीने केला, आणि आता तो संगणक वर्गनामावरून करतो. हे तीन निर्णय एकाच जातीचे नाहीत. त्यांतील भेद ध्यानात न घेता जो अभ्यासक छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करील त्याची फसगत होण्याचा संभव आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण 'पार्श्वभूमी' म्हणतो. संस्कृतात 'पार्श्व' म्हणजे कूस, बगल, बाजू. बरगडीवाचक 'पर्शु' ह्या शब्दाशी त्याचे नाते आहे. म्हणजे 'मागची भूमी' ह्या अर्थासाठी मराठीने वास्तविक 'बाजूची भूमी' असा शब्द पत्करला. हिंदीने त्याच अर्थी 'पृष्ठभूमि' हा शब्द घेऊन पाठीचा आधार घेतला. दोन्ही शब्द शरीरावरून आलेले आहेत हे लक्षणीय होय. मागचे काय आणि बाजूचे काय, हे कोणाच्या तरी शरीराच्या अपेक्षेने ठरते. तो कोणी तेथून उठून गेला की पार्श्वभूमी म्हणून वेगळे असे काही उरत नाही. उरते ते अंगण, भिंत, झाड.

'ब्लर' ह्यास मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. 'अंधुक' हे विशेषण प्रकाशाच्या वा दृष्टीच्या उणिवेचे आहे; दिवा अंधुक असतो, म्हातारपणी दिसते ते अंधुक. 'धूसर' हे धुळीचे व करड्या रंगाचे. 'पुसट' हे ठशाचे. नाण्यावरील अक्षरे पुसट होतात, आठवण पुसट होते. ह्या तिन्ही शब्दांनी उणीवच सुचविली जाते, गुण नव्हे. प्रस्तुत लेखात 'पुसट' हा शब्द पत्करला आहे, कारण त्यात 'पुसणे' ही क्रिया दडलेली आहे, आणि क्रिया म्हटली की कर्त्याचा प्रश्न येतो. 'फोकस' ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल. केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्यास पारिभाषिक अर्थ दिला. भिंगाने एकवटलेल्या सूर्यकिरणांनी वस्तू पेटते ह्या अनुभवाशी तो चांगला जुळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांनी चूल सोडून 'नाभी' घेतली व 'नाभीय अंतर' हा शब्द रूढ केला.

पुसटपणाला गुण मानणारा शब्द मिळाला तो जपानी भाषेतून. 'बोकेरु' ह्या क्रियापदाचा एक अर्थ रेषा वा रंग पुसट होणे असा आहे, आणि दुसरा वार्धक्याने बुद्धी मंदावणे असा. त्यापासूनचे नाम जपानी छायाचित्रकार भिंगाने येणाऱ्या पुसटपणाच्या प्रतीला लावीत असत. तो किती आहे एवढेच नव्हे, तर कसा आहे हे त्यांस सांगावयाचे असे. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' ह्या अमेरिकन नियतकालिकाने तो शब्द इंग्रजी वाचकांपुढे आणला, व वाचकाने अंत्य स्वर गिळू नये म्हणून संपादक माइक जॉन्स्टन ह्यांनी रोमन लेखनात शेवटी 'एच' हे अक्षर जोडले. देवनागरीत ही अडचण मुळातच नाही. तथापि 'ह्या चित्रातले बोके सुंदर आहेत' असे वाक्य मराठीत लिहिल्यास वाचक चित्रात मांजरे शोधू लागेल. उधारीच्या शब्दाचा प्रवेश कधी कधी अशा क्षुल्लक कारणानेही अडतो.

आता भिंगाकडे वळू. भिंग एका वेळी एकाच अंतरावरील पातळी नेमकी उमटवू शकते. त्या पातळीच्या पुढील वा मागील बिंदूपासून आलेले किरण फिल्मवर बिंदूरूपाने न मिळता लहानशा चकतीच्या रूपाने पसरतात. भिंगाचे तोंड जितके रुंद तितकी चकती मोठी, आणि चकती जितकी मोठी तितका पुसटपणा अधिक. जोसेफ पेट्झव्हाल ह्या गणितज्ञाने १८४० मध्ये व्हिएन्ना येथे व्यक्तिचित्रांसाठी मुद्दाम गणित करून एक भिंगसंच सिद्ध केला व फोइग्टलेंडर ह्यांनी तो बनविला. पार्श्वभूमी पुसट व्हावी हा त्यामागचा हेतू मुळीच नव्हता. दागेरच्या पद्धतीत बसणाऱ्यास फार वेळ निश्चल राहावे लागे; अधिक प्रकाश आत घेऊन तो वेळ कमी करावा, एवढाच उद्देश होता. भिंगाचे तोंड रुंद झाले आणि पुसटपणा त्याच्याबरोबर आपोआप आला. येथे निर्णयाचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे अंतर. भिंगास माणूस आणि दगड ह्यांत भेद कळत नाही. माणसाच्या शेजारी, त्याच अंतरावर, ठेवलेला दगड माणसाइतकाच स्पष्ट येतो, आणि दहा हात मागे उभा असलेला दुसरा माणूस तेथील भिंतीइतकाच पुसट होतो.

पुढील शतकभर छायाचित्रकारांत वाद झाला तो पुसटपणा किती असावा ह्याविषयी. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ह्या १८१५ मध्ये कलकत्त्यास जन्मल्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कॅमेरा आला. त्यांची व्यक्तिचित्रे मुद्दाम मृदू व किंचित अस्पष्ट असत आणि त्यासाठी समकालीनांनी त्यांना दोष दिला. १८६४ च्या अखेरीस ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल ह्यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी, योग्य फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा उलट प्रश्न केला. पीटर हेन्री एमर्सन ह्यांनी १८८९ मध्ये ह्या मृदुतेस शास्त्राचा आधार देऊ केला. हेल्महोल्ट्झच्या संशोधनाचा हवाला देऊन ते म्हणत की, डोळा एका क्षणी दृश्याचा अगदी लहान भागच नेमका पाहतो, तेव्हा सर्वत्र सारखे रेखीव चित्र हेच अनैसर्गिक होय. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी काळ्या चौकटीची पुस्तिका काढून त्यांनी आपल्याच मताची मृत्युवार्ता जाहीर केली. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी अगदी उलट टोक गाठले. त्यांनी आपल्या मंडळास नावच 'एफ चौसष्ट' असे दिले. भिंगाचे तोंड अत्यंत अरुंद करून जवळचे व दूरचे सर्व रेखीव आणण्याची ती खूण होती. कॅमेरन, एमर्सन व वेस्टन ह्यांचे परस्परांशी जमणे कठीण. परंतु अंतर हाच नियम आहे, ह्या गोष्टीला त्यांपैकी कोणीच आव्हान दिले नाही, कारण तो नियम बदलणे कोणाच्याच हाती नव्हते.

ज्यांनी तो नियम ओलांडला ते कात्री वापरणारे लोक होत. ऑस्कर रेयलांडर ह्यांनी १८५७ मध्ये तीसएक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र केले, आणि हेन्री पीच रॉबिन्सन ह्यांनी १८५८ मध्ये पाच निगेटिव्हांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. ही उदाहरणे कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी आरंभापासून संबंध असलेले विल्यम जॉन्सन ह्यांनी 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा छायाचित्रसंग्रह दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड, गुजरात-कच्छ-काठेवाडचा, १८६३ मध्ये निघाला. दुसरा, महाराष्ट्राचा, १८६६ मध्ये. ह्यातील पुष्कळ चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे समूह वेगळे टिपलेले, त्यांच्या आकृती मूळच्या जागेपासून अलग केलेल्या, आणि मागे त्या जातीजमातीस शोभेल असे वाटलेले दृश्य स्वतंत्र निगेटिव्हावरून आणून बसविलेले. माणसे खरी आणि स्थळेही खरी, परंतु ती माणसे त्या स्थळी त्या क्षणी उभी होती हे मात्र खरे नव्हे.

ह्या संग्रहाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. त्या काळच्या फोटोतंत्राच्या मर्यादा मोठ्या होत्या. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. आकृतीच्या कडेने जी रेषा कापली गेली ती कापणाऱ्याने 'हा माणूस', 'हा त्याचा पोशाख', 'ही त्याच्या हातची वस्तू', 'बाकीचे अनावश्यक' असा निवाडा करूनच कापली. तिच्यामागे अंतराचा नियम नव्हता, अर्थाचा होता. आणि तो अर्थ चित्रातल्या माणसाने ठरविलेला नसून त्यास 'नमुना' म्हणून पाहणाऱ्याने ठरविलेला होता. आजच्या संगणकीय पद्धतीचे खरे पूर्वज पेट्झव्हालचे भिंग नसून ही कात्री होय, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

संगणकाच्या क्षेत्रात पुसटपणाने प्रवेश केला तो मात्र शत्रू म्हणून. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ह्या संस्थेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये एक छायाचित्र प्रथमच संगणकात उतरविले. कर्श ह्यांच्या तान्ह्या मुलाचे ते चित्र १७६ गुणिले १७६ चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलांचे, होते. १९६४ च्या जुलैत 'रेंजर ७' ह्या यानाने चंद्राची चित्रे धाडली तेव्हा त्यांतील दोष संगणकाने काढण्याचे काम जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत झाले. त्या पिढीच्या दृष्टीने उत्तम प्रक्रिया म्हणजे अस्पष्टाचे स्पष्ट करणे. पुढे पुसटपणा उपयोगाचा ठरला, पण तोही साधन म्हणून. डेव्हिड मार व एलन हिल्ड्रेथ ह्यांनी १९८० मध्ये वस्तूंच्या कडा शोधण्याची जी रीत मांडली तिच्यात चित्र आधी पुसट करून घ्यावयाचे असते. बारीक खरखर नाहीशी झाली की मोठ्या कडा उठून दिसतात. कडा सापडावी म्हणून चित्र पुसट करावयाचे, हा विरोधाभास मोठा बोधक आहे. १९९० मध्ये 'फोटोशॉप' बाजारात आले तेव्हा त्यातील पुसट करण्याच्या एका साधनास गाउसचेच नाव होते.

ह्या क्रियेचे गणित सोपे आहे. प्रत्येक चित्रबिंदूच्या जागी त्याच्या व त्याच्या शेजाऱ्यांच्या मूल्यांची सरासरी ठेवावयाची. मात्र जवळच्या शेजाऱ्यास वजन अधिक व दूरच्यास कमी. लहानात लहान उदाहरण घ्यावयाचे तर मधल्या बिंदूस ४, चार बाजूंस प्रत्येकी २, चार कोपऱ्यांस प्रत्येकी १ अशी वजने देऊन बेरजेस १६ ने भागावे. वजने कशी उतरत जावीत हे गाउसच्या घंटाकृती वक्राने ठरते. हा वक्र त्याने १८०९ मध्ये ग्रहांच्या निरीक्षणांतील चुकांचा हिशेब करताना वापरला होता. ह्या वक्राचा व्यावहारिक गुण असा की, तो आडवा व उभा असा दोन वेळा स्वतंत्रपणे लावता येतो. २१ गुणिले २१ बिंदूंच्या चौकटीसाठी एरवी प्रत्येक बिंदूस ४४१ गुणाकार लागावेत, तेथे ४२ पुरतात. संगणक मंद होते त्या काळी ह्या काटकसरीमुळेच ही रीत सर्वत्र रूढ झाली; ती भिंगाशी जुळते म्हणून नव्हे. भिंगाची चकती कडेपर्यंत जवळजवळ सारख्या प्रकाशाची असते, गाउसचा ठिपका मात्र कडेला विरत जातो. शिवाय भिंग प्रकाश पसरविते, संगणक पसरवितो ते प्रकाशाचे आधीच आवळून ठेवलेले आकडे. चित्रातील प्रखर दिव्यास २५५ ह्या कमाल आकड्यापलीकडे काही सांगताच येत नाही. म्हणून खऱ्या भिंगाच्या चित्रात दूरचे दिवे तेजस्वी चकत्यांसारखे फुलतात, आणि साध्या संगणकीय चित्रात त्यांचे मळकट डाग होतात. आकडे आधी प्रकाशाच्या मूळ प्रमाणात परत नेऊन मग सरासरी काढणे हा त्यावरील उपाय होय. पण ज्या दिव्याचे तेज मुळातच २५५ वर छाटले गेले आहे त्याचे छाटलेले तेज तेवढ्याने परत येत नाही.

पण हे सारे 'कसे' ह्या प्रश्नाचे उत्तर झाले. 'काय' ह्या प्रश्नासाठी तीन पायऱ्या लागतात. चित्राची एक संपूर्ण पुसट प्रत करावयाची. पुढचा भाग कोणता हे सांगणारा एक मास्क तयार करावयाचा. आणि मास्क जेथे १ म्हणतो तेथे मूळ चित्र, जेथे ० म्हणतो तेथे पुसट प्रत, व मधल्या अपूर्णांकांच्या जागी त्या प्रमाणात दोहोंचे मिश्रण घ्यावयाचे. हे मिश्रणाचे गणित लुकासफिल्म कंपनीतील थॉमस पोर्टर व टॉम डफ ह्यांनी १९८४ मध्ये व्यवस्थित मांडले. केसांची टोके, झिरझिरीत पदर, चष्म्याची काच ह्या जागी अपूर्णांकच उपयोगी पडतात. नवशिक्या प्रोग्रॅमकर्त्याकडून येथे एक चूक हमखास होते. सबंध चित्र पुसट करताना माणसाचे रंगही आसपास पसरतात, व मास्क लावल्यावर ते त्याच्या कडेभोवती उरतात. माणसामागे देवाच्या मूर्तीसारखी प्रभावळ दिसू लागते. सरासरी काढतानाच माणसाच्या बिंदूंना शून्य वजन दिले व उरलेल्या वजनांच्या बेरजेने भागले, तर ही प्रभावळ जाते.

मास्क कोणी करावयाचा? बराच काळ तो माणूसच उंदराच्या, म्हणजे माउसच्या, साहाय्याने रेखीत असे. जॉन्सनच्या कात्रीचीच ती आवृत्ती. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनशाळेतील कार्स्टन रॉदर, व्लादिमीर कोल्मोगोरोव व अँड्र्यू ब्लेक ह्यांनी 'ग्रॅबकट' नावाची रीत प्रसिद्ध केली. तीत माणसाने वस्तूभोवती फक्त एक चौकोन काढावयाचा. चौकोनाबाहेरचे सारे निश्चित पार्श्वभूमी. आतील बिंदूंपैकी कोणाचा रंग बाहेरच्यांशी जुळतो व कोणाचा जुळत नाही हे संगणक पाहतो. शेजारच्या बिंदूंना तो दोऱ्यांनी बांधल्याप्रमाणे मानतो. सारख्या रंगाच्या शेजाऱ्यांमधील दोरा बळकट, भिन्न रंगांच्या शेजाऱ्यांमधील कच्चा. मग कमीत कमी बळ खर्चून जाळे जेथे तोडता येईल तेथे छेद घेतो, रंगांचा अंदाज सुधारतो व पुन्हा छेद घेतो. ह्या रीतीत एक प्रामाणिकपणा आहे. माणूस म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही व ठाऊक असल्याचा आवही ती आणीत नाही. काय पुढचे मानावयाचे हे चौकोन काढणाऱ्याने सांगितले, तिने कड शोधून दिली. निर्णय कोणाचा, ह्याबद्दल संदिग्धता नाही.

खरा पालट झाला तो चौकोन काढणाराही नको झाला तेव्हा. 'पास्कल' ह्या नावाने २००५ ते २०१२ पर्यंत दरवर्षी एक स्पर्धा भरत असे. तिच्यातील चित्रसंग्रहात, २००७ पासून, २० वर्ग होते. माणूस हा एक वर्ग. प्राण्यांत गाय, मेंढी, घोडा, कुत्रा, मांजर, पक्षी. बाकी वाहने व घरातील वस्तू. शेळी, म्हैस, उंट त्यात नाहीत. प्रत्येक चित्रबिंदूवर ह्यांपैकी एका वर्गाचे नाव लिहिलेले असे, व जो बिंदू कशातच बसत नाही त्यावर 'बॅकग्राउंड' असे लिहिलेले असे. २०१५ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कांच्या नव्या रचना आल्या आणि अशा संग्रहांवर शिकून कोणत्याही चित्रातील प्रत्येक बिंदूस वर्गनाम देणे संगणकास साधू लागले. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ही 'बॅकग्राउंड' ची व्याख्या ओळखीची वाटेल. पाणिनीने कारकांचे अर्थ इतर विभक्तींस वाटून दिल्यावर जे संबंध उरतात ते 'शेष' म्हणून षष्ठीकडे सोपविले. शेषाला स्वतःचे लक्षण नसते. यादी बदलली की शेष बदलतो. भिंगाची पार्श्वभूमी जगात खरोखर मागे असे. यादीतून निघालेली पार्श्वभूमी म्हणजे यादीकर्त्यास नाव द्यावेसे न वाटलेले सर्व काही. त्या संग्रहात आणखी एक मौजेची तरतूद होती. वस्तूंच्या कडेकडेने एक अरुंद पट्टा 'अनिर्णीत' म्हणून राखलेला असे व गुण देताना तो मोजला जात नसे. केस नेमके ह्याच पट्ट्यात येतात, आणि आजही चूक सर्वांत अधिक तेथेच दिसते.

मोबाइलमध्ये हा व्यवहार २०१४ च्या सुमारास शिरला. त्या वर्षी एचटीसी कंपनीने दोन कॅमेऱ्यांचा फोन काढला. दोन डोळ्यांप्रमाणे दोन भिंगांना दिसणाऱ्या दृश्यांतील फरकावरून अंतर काढावयाचे, हे त्याचे तत्त्व. गूगलने त्याच वर्षी फोन हळूहळू वर उचलीत अनेक चित्रे टिपून अंतर काढण्याची रीत आणली. २०१६ मध्ये ॲपलच्या 'पोर्ट्रेट मोड'ने ती सोय घरोघर नेली. इथपर्यंत अंतराचाच नियम चालू होता, फक्त भिंगाऐवजी हिशेबाने. २०१७ च्या 'पिक्सेल २' ह्या फोनमध्ये मात्र अंतर आणि वर्ग हे दोन्ही निर्णय एकत्र आले, व २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यांनी त्याची पद्धती सविस्तर प्रसिद्ध केली. मागील कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूच्या दोन अर्धांत दिसणाऱ्या सूक्ष्म फरकावरून अंतर काढले जाई. त्या दोन 'डोळ्यां'तील अंतर जेमतेम एक मिलिमीटर. पुढच्या कॅमेऱ्यात ही सोय नव्हती, म्हणून तेथे माणूस ओळखणाऱ्या नेटवर्काचाच निर्णय अखेरचा असे. हे नेटवर्क सुमारे दहा लाख चित्रांवर शिकविले असून, त्या चित्रांत माणसांबरोबर त्यांच्या टोप्या, उन्हाचे चष्मे व आइस्क्रीमचे कोन ह्यांचाही समावेश होता, असे गूगलने त्या वेळी सांगितले होते.

विषयाचे मर्म ह्या आइस्क्रीमच्या कोनात आहे. माणसाच्या हातातील कोणती वस्तू माणसाचा भाग मानावी, हा प्रश्न कर्त्यांना पडला, आणि त्यांनी आपल्या भोवतालच्या अनुभवावरून त्याचे उत्तर दिले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण डोक्यावरील मोळी, कोळणीची पाटी, धनगराच्या खांद्यावरचे घोंगडे, मुंडाशाचा मागे सुटलेला शेमला ह्यांचे काय, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. शेतकरी व त्याचा बैल एकाच अंतरावर उभे असता भिंग दोघांस सारखे स्पष्ट ठेवते. केवळ वर्गावर चालणारा प्रोग्रॅम शेतकऱ्यास ठेवून बैलास पुसट करील. मागून जाणाऱ्या अनोळखी माणसास मात्र, तो माणूस आहे एवढ्याच बळावर, कदाचित स्पष्ट ठेवील. २०२० नंतर घराघरांतून दृक्‌श्राव्य सभा भरू लागल्या तेव्हा ह्याचा अनुभव पुष्कळांस आला. वक्ता पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरतो आणि पुस्तक धुक्यात विरते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडातील एका अध्यापकाने असे उघडकीस आणले की, सभेच्या प्रोग्रॅमने त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचे डोकेच पार्श्वभूमीत जमा करून नाहीसे केले. मागचा फिकट पृथ्वीगोल मात्र शाबूत राहिला. 'शेष' कोण, हा प्रश्न केवळ वस्तूंपुरता मर्यादित नाही, हे ह्यावरून दिसेल.

घरातील दारिद्र्य वा पसारा झाकण्यास त्या काळी ह्या सोयीने अनेकांना आधार दिला, हेही खरे. तथापि झाकणे आणि पुसट करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरासरीत मूळ माहितीचा अंश शिल्लक राहतो. पुसट केलेले चेहरे शिकविलेल्या नेटवर्कास बऱ्याच प्रमाणात ओळखता येतात, असे २०१६ मध्ये मॅकफर्सन, शोक्री व श्मातिकोव्ह ह्यांनी प्रयोगाने दाखविले. क्षेत्रकार्यात ज्या निवेदकाची ओळख गुप्त ठेवावयाची आहे त्याचा चेहरा पुसट करून भागत नाही. त्या जागी सपाट रंग भरावा लागतो.

भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध येतो तो विशेषतः संग्रहाशी. बोलीचे नमुने गोळा करताना निवेदकाचे चित्र घेतले जाते. चित्र घेणाऱ्यास चेहरा हवा असतो, पण वीस वर्षांनी तेच चित्र पाहणाऱ्यास बहुधा मागचे हवे असते. दुकानाच्या पाटीवरील लिपी व शब्दलेखन, भिंतीवर लिहिलेली जाहिरात, चुलीची घडण, उंबऱ्यावरचे रांगोळीचे अक्षर, शेजारी कोण बसले आहे आणि किती अंतर राखून बसले आहे, हे सर्व त्यात असते. भिंगाने पुसट केलेल्या जुन्या चित्रांतही ह्यातील काही हरवले आहे, पण ते अंतराच्या नियमाने हरवले असल्यामुळे किती हरवले ह्याचा अंदाज करता येतो. जॉन्सनच्या संग्रहात कात्रीची कड भिंगाखाली धरली तर पुष्कळदा सापडते. वर्गनामाने पुसट झालेल्या चित्रात असा माग सहसा उरत नाही. ज्या यादीने निर्णय केला ती यादी चित्रावर लिहिलेली नसते.

निदान मूळ फाइल हाती असली तर काही उपाय आहे. २०१८ पासूनच्या अनेक आयफोनांत मूळ स्पष्ट चित्र व अंतराचा नकाशा ही दोन्ही पुसट चित्राबरोबर साठविली जातात. म्हणून पुसटपणा मागाहून कमी करता येतो, अजिबात काढूनही टाकता येतो. पण तीच फाइल व्हॉट्सॲपसारख्या साधनाने नेहमीच्या रीतीने धाडली की नकाशा व मूळ चित्र ही दोन्ही गळून पडतात आणि समोरच्यास मिळते ती एक सपाट, आकाराने लहान केलेली प्रत. विद्यार्थी क्षेत्रकार्यावरून जी चित्रे आणतात ती बव्हंशी ह्याच वाटेने येतात. विभागाच्या नोंदवहीत स्थळ, दिनांक व निवेदकाची संमती ह्यांचे रकाने असतात. चित्र कोणत्या साधनाने घेतले, पार्श्वभूमी पुसट करण्याची सोय त्या वेळी चालू होती की बंद, आणि आलेली फाइल मूळ आहे की धाडलेली, असे आणखी तीन रकाने तीत सहज मावतील. जी चित्रे अद्याप विद्यार्थ्यांच्या फोनांत आहेत त्यांच्या मूळ फाइली तारेने थेट उतरवून घेणे आजही शक्य आहे.